जिना बल्ब यांचे वाङ्मयातील स्थान

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, सायंवर्गाची निवृत्त शिक्षिका, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डावा खुबा ठिकाणावर नाही, त्याचे कारण कलम तीनमध्ये येईल. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. गेल्या महिन्यात 'त्या' पुस्तकाची पाचवी आवृत्ती घरी आली, तेव्हा आता करावे असे ठरवले.

१. राहते घर, म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्या, वडिलांनी माझ्या नावे केल्या होत्या. त्या मी माझ्या पतींना देते. पती म्हणजे प्राध्यापकसाहेब. कॉलेजात ते इंग्रजीचे विभागप्रमुख होते, घरात अजून आहेत. एवढे सगळे होऊन घर त्यांनाच का, असे माझी भाची विचारेल. तिने कलम सहापर्यंत दम धरावा.

२. माझ्या अठरा वह्या भाचीला. ती छापखान्यात मुद्रितशोधक आहे, दुसऱ्याच्या चुका शोधून पोट भरते, म्हणून तिलाच. माझ्या वर्गात दिवसभर दुकानात, कारखान्यात राबलेली माणसे यायची. परीक्षेला इंग्रजी आणि अमेरिकन वाङ्मयाचा सगळा इतिहास, आणि इंग्रजी पुस्तके त्यांच्या डोक्यावरून जायची. म्हणून मी तो मराठीत लिहून काढला, एका कालखंडाला एक वही. जुन्या योद्ध्यांची गाणी, दरबारी कवी, कॉफीगृहात बसून एकमेकांची उणीदुणी काढणारे टीकाकार, गिरण्यांच्या धुरातल्या कादंबऱ्या आणि समुद्रापलीकडे जंगल तोडता तोडता लिहू लागलेले नवे लोक. बावीस वर्षे लागली. मूल नव्हते. माझे म्हणण्यासारखे एवढेच होते.

३. आमच्या जिन्यातला बल्ब गेला होता. चार महिने मी साहेबांना सांगत होते आणि ते "बघतो" म्हणत होते. शेवटी आपणच आणू म्हणून, अठराही वह्या संपवून चौदावी पुन्हा तपासताना, हाताशी दुसरा कागद नसल्यामुळे, यादवी युद्धाच्या काळातल्या दुय्यम अमेरिकन कवींच्या यादीखाली मी लिहिले: जिना बल्ब. आणायचा राहून गेला. त्याच आठवड्यात अंधारात पायरी चुकली आणि खुबा मोडला. मी नऊ महिने अंथरुणावर होते. त्या नऊ महिन्यांत साहेब बाळंत झाले, पुस्तक झाले.

४. पुस्तकावर नाव त्यांचे. आत अठरा प्रकरणे, माझ्या वाक्यांसकट. ऋणनिर्देशात "मला घरकामातून मोकळे ठेवणाऱ्या पत्नीस". चौदाव्या प्रकरणात मात्र दीड पान त्यांचे स्वतःचे आहे, "कवयित्री जिना बल्ब" या मथळ्याखाली. माझ्या वहीत हिच्याविषयी काहीच माहिती सापडेना, म्हणून त्यांनी ती पुरवली. बाई एकाकी होत्या, अल्पायुषी होत्या, आणि त्यांच्या कवितेत प्रकाशाला फार महत्त्व होते. मी वाचून विचारले, "अहो, ही जिना बल्ब कोण?" ते म्हणाले, "अगं, तुझ्या वाचनात नसेल आली. दुर्लक्षित राहिली बिचारी."

त्या दिवशी मी बोलले असते तर भांडण झाले असते आणि दुसऱ्या आवृत्तीत बाई गुपचूप वारल्या असत्या. म्हणून मी मूग गिळून बसले. आज अकरा वर्षे झाली. "जिना बल्ब यांचे वाङ्मयातील स्थान स्पष्ट करा" असा पंधरा गुणांचा प्रश्न दोनदा येऊन गेला. उत्तरपत्रिका तपासायला माझ्याकडेच आल्या. मुलांचा काय दोष, मी सगळ्यांना पास केले.

भाचीने अठरा वह्या माझ्या नावाने छापाव्यात. मुखपृष्ठावर चौदाव्या वहीतल्या त्या पानाचा फोटो असावा, माझ्या अक्षरात, तारखेसह. खाली जिन्यातल्या बल्बची हकीकत चार ओळींत द्यावी. पहिली प्रत साहेबांच्या कॉलेजच्या ग्रंथालयाला, हातोहात, पोच घेऊन.

५. नणंदेला माझा मोठा शब्दकोश. साहेबांच्या पुस्तकासाठी वह्या तिने टाइप केल्या. माझे अक्षर ती तीस वर्षे ओळखते, तरी तिने तोंडातून ब्र काढला नाही. 'चो'चे पान दुमडून ठेवले आहे, तिला शब्द सापडेल. माझी काठी कोणालाही द्यावी.

६. वकीलबाईंनी सांगितले तसे लिहिते. या मृत्युपत्रातून ज्याला काही मिळायचे आहे, त्याने साक्षीदार म्हणून सही करू नये. केल्यास त्याला दिलेले रद्द होईल आणि ते भाचीला जाईल. एका साक्षीसाठी मी साहेबांना विचारले आहे. ते लगेच हो म्हणाले.

यात फसवणूक नाही. हे कागद आठ दिवस जेवणाच्या टेबलावर उघडे पडले होते. साहेबांनी त्यांवर चष्मा ठेवला, वर्तमानपत्र ठेवले, एकदा चहाचा कप ठेवला. सही करण्यापूर्वीही त्यांना पूर्ण वाचण्याची मुभा आहे. वाचून त्यांनी सही नाकारली तर घर त्यांचे, आणि माझी त्यांना माफीही. माझे लिहिलेले एकदा तरी त्यांनी माझे म्हणून वाचावे, असे मला फार वाटते. त्यांनी वाचावे म्हणून मी हे लिहिले, की वाचणार नाहीत म्हणून, ते माझे मलाच कळत नाही.

ठिकाण: राहते घर
दिनांक: ९ ऑक्टोबर
(सही) मृत्युपत्र करणारी

साक्षीदार पहिला: मी त्यांचा डॉक्टर. बाई पूर्ण शुद्धीवर व समजुतीत आहेत. त्यांनी माझ्यासमक्ष सही केली. दुसऱ्या साक्षीदारांना "सर, एकदा वाचून घ्या" असे मी दोनदा सुचवले, याची नोंद बाईंच्या सांगण्यावरून करीत आहे. त्यांचे उत्तरही लिहावे असे बाई म्हणाल्या. ते असे: "तिच्या लिहिण्यात चूक नसते हो. कुठे करू सही?"
(सही)

साक्षीदार दुसरा: मृत्युपत्र करणारीचे पती, निवृत्त विभागप्रमुख.
(सही)