उंबऱ्याबाहेरचे काळे बूट

पूर्णा, मंगळवार

वीरभद्र भावजींना उमावहिनीचा शरणार्थ.

तुमचा गुडघा आता वाकत असेल आणि जाऊबाई महेश्वरीचा आवाज अजून देवगाव फाट्यावरून पालमपर्यंत जात असेल, असे धरून चालते. मी ठीक आहे. एसटीतले सिद्धोधन कंडक्टर पत्रासोबत एक पिशवी देतील. ती पत्र वाचून झाल्यावरच उघडा. (उघडली असेल तर बंद करा.)

तुमच्या दादांचे बूट तुम्हाला आठवत असतील. रेल्वेत गार्ड होते तेव्हापासून ते मला बुटांना हात लावू देत नसत. पण तीस वर्षे भाजी निवडता निवडता समोर पाहिले, त्यामुळे विद्या आलीच. आधी ब्रशने धूळ झाडायची, शिवणीतलीसुद्धा. पॉलिश बोटभर नाही, नखभर. ते वाळू द्यायचे; इथेच लोक घाई करतात. मग जुन्या बनियनची चिंधी दोन बोटांना ताणून गुंडाळायची आणि बुटाच्या टोकावर लहान लहान गोल फिरवत राहायचे, मधूनमधून थेंबभर ओल देत. ते थुंकी लावत. मला ते जमले नाही. (संसारात दोन-चार वेळा त्या बुटांवर थुंकावेसे वाटले होते, आता अडवणारे कुणी नाही, तर तोंड कोरडे पडते.) मी डबीच्या झाकणात पाणी घेते. वाचनालयातल्या एका पुस्तकात केळीची साल घासा म्हणून लिहिले होते, तेही केले. शेजारची शेळी येऊन बूट चाटून गेली, जाताना एक नाडी खाऊन गेली. चमक आली, पण ती सालीची की शेळीची, हे पुस्तकात नव्हते.

अकरा महिने मी रोज सकाळी बूट चमकवून उंबऱ्याबाहेर ठेवते. गल्लीला ठाऊक आहे. पण गेल्या महिन्यात समोर कमलबाई राहायला आल्या. घरात कोण आहे ते आपल्याकडे दारातल्या चपलांवरून कळते, म्हणून त्या बिचाऱ्या आठ दिवस पाळत ठेवून बसल्या. विरजणाला तीनदा आल्या. शेवटी म्हणाल्या, "बाई, पावणे लय दिवस राहिले. बाहेर कसे निघंनात?"

मी म्हटले, "पावणे न्हाईत, मालक हायेत." आणि भिंतीवरचा हार घातलेला फोटो दाखवला. त्या विरजणाची वाटी विसरून गेल्या.

वाटी न्यायला आल्या तेव्हा खाली बसून त्यांनी बूट उलटा करून पाहिला. "चमक आरशावानी हाय. पर तळाला धूळच न्हाई की वो. मग रोज पुसता काय?"

त्या गेल्यावर मीही दुसरा बूट उलटा करून पाहिला आणि त्यांचे म्हणणे पटले. हे माझ्या बाबतीत क्वचित घडते, तुम्हाला ठाऊक आहे.

मुलांना आशीर्वाद.

तुमची उमावहिनी

ता. क. पिशवीत बूट आहेत. आठ नंबर, तुमचाच. एक नाडी नवी आहे. कुणाला देऊ नका, तुम्हीच घाला. दुकानात, बाजारात, शेतात.

ता. क. दुसरा. पुढच्या महिन्यात दादांच्या पुण्यस्मरणाला तेच घालून या. स्टेशनपासून रिक्षा करू नका, गुडघा दुखला तरी चालत या. बूट उंबऱ्याबाहेर काढा. पुसून आणलेत तर जेवायला मिळणार नाही. ब्रश माझ्याकडे आहे.