बेंबीपर्यंत

३ तारीख, सोमवार
नव्या नोकरीचा पहिला दिवस, आणि नशिबाने प्रसूतिकक्षच मिळाला. मोठ्या सिस्टर खडूस, पण शिकवतात जीव तोडून. पाठीत एपिड्युरलची नळी बसली की बाईला कळा जाणवत नाहीत. मात्र बधिरपणा किती वर चढला ते दर तासाला बघायचं. बर्फाचा खडा पायापासून वर फिरवायचा, गार कुठे लागतं ते विचारायचं, तक्त्यात लिहायचं. बेंबीपर्यंत ठीक. छातीकडे सरकला तर औषध ताबडतोब बंद, कारण पुढे हात जातात, मग श्वास. मी स्वतःच्या दंडाला बर्फ लावून दचकले, तशा सिस्टर चक्क हसल्या.

५ तारीख, बुधवार
खिडकीजवळच्या खाटेवरच्या बाईची तारीख उलटलेली, म्हणून कालपासून सलाईनमधून औषध देऊन कळा आणल्यात. रडून बेजार झाली होती. नळी बसल्यावर अर्ध्या तासात गप्पा सुरू. म्हणाली, ताई, हे आधी का नाही दिलंत, मी नवऱ्याला उगाच एवढ्या शिव्या घातल्या. दहाला तपासलं, बेंबीपर्यंत. मग तिचा डोळा लागला. दोन दिवसांनी झोपलेली, उठवायचं जिवावर आलं. अकराला तसंच लिहिलं, बेंबीपर्यंत. बाराला दारातूनच डोकावले, सगळं शांत. बेंबीपर्यंत. आता चहा घेत हे लिहितेय.

६ तारीख
ती गेली. श्वासच थांबला. पोट उघडून काढलेली मुलगी वाचली. सगळ्यांनी तक्ता पाहिला, त्यात खोट नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय कमकुवत असावं. माझा जीव भांड्यात पडला. त्याची लाज वाटतेय.

७ तारीख
तिचा नवरा आला. विचारत होता, शेवटी तिला त्रास झाला का. मी नाही म्हटलं. त्याने हात जोडले. आईचं दुखणं मुलीत उतरलं असेल या धास्तीने तिला घेऊन दवाखाने पालथे घालतोय. खरं सांगायला जीभ रेटली नाही.
सकाळी पायांवर कढत पाणी ओतलं. लागलंच नाही.

८ तारीख
गुडघ्यांपर्यंत. टाचणी टोचली. रक्त आलं, दुखलं नाही. डॉक्टर म्हणतात, मनाला लावून घेतलंयस.

९ तारीख
बेंबीपर्यंत. दर तासाला बर्फ फिरवते. एकही तास चुकवला नाही.

१० तारीख
छाती. सिस्टरांना सांगायला गेले — त्या खाटेवर दुसरी बाई — दारातूनच परतले. तिच्या नवऱ्याचा फोन. उद्या मुलीला भूल देऊन हृदय तपासणार. एवढीशी ती. मी म्हटलं, बरं —

११ तारीख
फोन लावला. आवाज फुटत नाही. दम पुरत नाही. लिहूनच —
दादा, तपासणी थांबवा. मुलीचं हृदय चांगलं आहे. तिच्या आईचंही होतं. अकराला मी बर्फ लावला नाही. बारालाही नाही.
डावा हात गेला. उजव्याची बोटं —
बाराला ती झोपलेली नव्हती. डोळे उघडे होते. माझ्याकडेच बघत होती. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मला वाटलं, हसतेय. मी पण हसले आणि दार