कोठारातल्या पाकळ्या

टॉर्की, ४ फेब्रुवारी २०१६

प्रिय हेस्टर हिला क्लेमचे अनेक आशीर्वाद,

फोनवर मला धड ऐकू येत नाही, म्हणून लिहितो. गुडघ्यांनी संप पुकारलाय. इथे समुद्राजवळ बिनजिन्याचं एक घर पाहिलंय. त्यासाठी बाबांनी माझ्या नावे ठेवलेलं दगडी कोठार विकायचं ठरवलं आहे. घेणारा त्यात सुट्टीसाठी तीन घरं काढणार. तू रागावशील हे ठाऊक आहे. रागावून घे, पण पत्र लिही.

लोभ कमी करू नकोस.

तुझा,
क्लेम

थॉर्नवेल, डर्बीशायर, ११ फेब्रुवारी

प्रिय क्लेमला हेस्टरचा नमस्कार, वि. वि.

रागावले, दोन दिवस जेवण गेलं नाही. मग कौन्सिलात जाऊन आले. गावाच्या आराखड्यात 'लोकांच्या वापरातली जुनी वास्तू' अशी कोठाराची नोंद झाली, तर तिथे राहती घरं करायला परवानगी मिळत नाही. मी अर्ज दिलाय. तुझ्या पाठीमागे काही करणार नाही, म्हणून आजच कळवते.

अरे, ओल्या मातीत फुलांच्या पाकळ्यांची चित्रं बसवून ज्या फळ्यांनी आपण दरवर्षी मेमध्ये गावची विहीर सजवतो, त्या आणखी कुठे करणार? एवढी माती तुडवायला जागा नको? तू सहा वर्षांचा असताना पाकळ्या वरून खाली लावायला घेतल्यास आणि आईने सगळ्या उपटायला लावल्या, ते त्याच दारात. पाकळ्या कौलांसारख्या खालून वर लावतात, हे तुला अजूनही येत नसणार.

भांडण कोठारापुरतंच. बाकी माया आहे तशीच.

हेस्टर

टॉर्की, २० फेब्रुवारी

प्रिय हेस्टर, आशीर्वाद.

सख्ख्या भावाविरुद्ध अर्ज! शाबास. पण कौन्सिलवाले पुरावा मागतील, बाईसाहेब. गाव कोठार वापरतं हे कशावरून? मी कधी भाडं घेतलं नाही की पावती दिली नाही. इथलं घर विकणारा मेअखेर उत्तर मागतोय, तेव्हा माझ्या गुडघ्यांचाही थोडा विचार कर.

क्लेम

थॉर्नवेल, ३ मार्च

प्रिय क्लेम, नमस्कार.

तू म्हणालास तेच झालं. कौन्सिलच्या मिस पार्जिटर भल्या आहेत, पण निदान वीस वर्षांचा लेखी पुरावा हवा म्हणतात. आपल्या कोठाराला कुलूप नाही, मग कोण आलं-गेलं हे लिहिणार कोण? आतले फोटोही नाहीत. विहिरीवर लागण्याआधी फळीचा फोटो काढला की पाऊस येतो, म्हणून गावात कुणी कॅमेरा काढतच नाही. आणि आठवड्याने पाकळ्या, माती सगळं खरवडून आपणच शेतात टाकतो. इतकी वर्षं आम्ही नेमाने आमचाच पुरावा शेतात पुरत आलो. मिस पार्जिटरना सांगितलं तेव्हा त्या हसल्या. मी घरी येऊन रडले.

यंदाची फळी शेवटची असं धरून चाललेय. तू येशील का रे?

तुझी,
हेस्टर

टॉर्की, १९ मार्च

प्रिय हेस्टरला आशीर्वाद, आणि थोडी माफी.

घर बदलायचं म्हणून कपाट उपसलं. त्यात तुझी पत्रं निघाली. दर मेमधलं एक, अशी एकतीस. तारखांसकट. कुणी माती तुडवली, ती ओली राहावी म्हणून मीठ कुणी जास्त घातलं, पावसात सहा बायका स्कर्ट खोचून कोठारात कशा उभ्या होत्या, सगळं आहे. मी सलग तीन दिवस वाचत होतो. त्यातल्या एकाही पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं, हेही आठवलं. मला फार लाज वाटली.

काल सगळी मिस पार्जिटरना रजिस्टरने धाडली. मालकाची हरकत नाही, असंही लिहून दिलं. १९९४ सालच्या पत्रात पाद्र्याच्या बायकोच्या टोपीबद्दल तू जे लिहिलंयस, ते आता सरकारदरबारी जमा झालं. तुझं तू निस्तर.

बिनजिन्याचं घर राहू दे. मात्र काम झालं की पत्रं मला परत हवीत. ती माझी आहेत.

क्लेम

थॉर्नवेल, २७ एप्रिल

माझ्या क्लेमला,

नोंद झाली. मिस पार्जिटर स्वतः सांगायला आल्या, आणि टोपीबद्दल कुणाला बोलणार नाही म्हणाल्या.

खालची खोली रिकामी केलीय. तिथून कोठारापर्यंत एकही पायरी नाही, मी दोनदा चालून पाहिलं. माती तुडवायला गुडघे लागतात, पाकळ्या मात्र बसून लावायच्या असतात. तुझी खुर्ची फळीच्या खालच्या कडेला ठेवलीय, सुरुवात तिथून करायची.

एकतीस पत्रं परत आलीत, तुझ्या उशाशी ठेवलीत. यंदाच्या मेमधलं मात्र लिहिणार नाही. तू इथेच असशील.

वाट बघते.

हेस्टर