यमू पोचली का?

तळवडे,
सोमवार

तीर्थरूप मंजुळाक्कास,

धाकट्या यशोदेचा साष्टांग नमस्कार. एस.टी.नं पाठवलेलं बोचकं परवा मिळालं. शेंगदाण्याची चटणी, बाजरी, हुलगे आणि लिंबाच्या लोणच्याची बरणी, सगळं पोचलं. (बरणीचं झाकण सैल होतं. तेल बाजरीला लागलं, ती बाजरी खिचड्याला घेतली.) वल्लभनगरच्या स्टँडवर हमाली वीस रुपये. रिक्षावाल्यानं दोनशे मागितले म्हणून बसनं आणलं, तर कंडक्टरनं बोचक्याचं वेगळं तिकीट फाडलं. तेव्हा चटणी घरची असली तरी फुकट पडली नाही. पुढच्या खेपेला करमाळ्याहून कुणी येणार असेल तर त्याच्या हाती दे. तुझे गुडघे कसे आहेत? एरंडेल चोळतेस, की चोळते असं सुनेला नुसतं सांगतेस?

आम्ही इकडे ठीक आहोत. ठीक लिहिलं खरं, पण चार दिवसांत माझं दूध दोनदा उतू गेलं, काल आमटीत मीठच नव्हतं, आणि जपाची माळ ओढताना मेरुमणी कधी गेला ते कळत नाही. यांनी आळणी आमटी निमूट खाल्ली आणि मग विचारलं, बरं नाही का तुला. बरं आहे मला. या सगळ्याचं मूळ सोसायटीच्या सिनेमा क्लबात आहे.

आमच्या मजल्यावर स्वरूपा म्हणून मुलगी राहते. इथल्याच आयटी पार्कात नोकरी, स्वभावानं चांगली, चपला मात्र दारात वाटेल तशा. तिनं हा क्लब काढला. जुने आणि चमत्कारिक सिनेमे जमवायचे, पडद्यावर दाखवायचे आणि मग त्यावर तासभर बोलायचं. (तिकीट नाही. ऐच्छिक वर्गणीचा डबा आहे. मी तो हलवून पाहिला, वाजत नव्हता.) इकडे बऱ्याच कंपन्यांना सुट्टी गुरुवारी, म्हणून क्लबही गुरुवारी, आणि तोही आपलं भजन होतं त्याच हॉलमध्ये. दत्तमहाराजांच्या वारी असले तमाशे नकोत म्हणून मी भांडायला गेले. ती म्हणाली, "काकू, तुमचं भजन आधी, आमचा पिक्चर नंतर. फक्त सतरंजी राहू द्या." आता सतरंजी आहे भजनी मंडळाची. तिच्यावर ही पोरं चिवडा सांडणार, मग ती झटकायची कुणी? तेव्हा सतरंजीवर लक्ष ठेवायला मी मागे थांबले. सिनेमा पाहायला थांबले नाही, हे तू नीट ध्यानात घे.

पहिल्या गुरुवारी परदेशी सिनेमा होता. एक मुंडकं धडाशिवाय बोलत होतं. मी पडद्याकडे पाठ करून नामजप केला. दुसऱ्या खेपेला, म्हणजे गेल्या गुरुवारी, जुना मराठी लागला, काळापांढरा. तेव्हाही मी पाठ करूनच बसले होते, पण आवाजाकडे पाठ कशी करणार? कुणीतरी सून सासऱ्याला म्हणाली, "मामंजी, पोराला तेवढी भाकर बांधून घेते," आणि सासरा नको म्हणाला. अक्का, मी वळले.

यमू तिचं नाव. नवरा परागंदा, सासऱ्यानं भरल्या ताटावरून उठवलेली, कडेवर तापानं फणफणलेलं लेकरू, आणि माहेर नदीपल्याड. पदर दातात धरून चालते, तू चालायचीस तशी. पल्याड तिची आई कंदील घेऊन काठावर उभी. नदीला पाणी चढलेलं. नावाडी एकच, आणि त्याची नजर मला काही पटली नाही. नाव मधोमध आली आणि त्यानं वल्हं खाली ठेवलं. तिथं माझे हात आपोआप जुळले. मी नवस बोलले, महाराज, हिला माहेरी पोचवा, अकरा नारळांचं तोरण बांधीन.

आणि पडदा पांढरा झाला.

स्वरूपा उठून म्हणाली की या सिनेमाचं शेवटचं रीळ कुठेच सापडत नाही. कधीकाळी जळालं म्हणतात. यावर त्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. मिहिर नावाचा एक दाढीवाला म्हणाला, शेवट नाही हीच खरी गंमत, प्रेक्षकानं आपापला शेवट करावा. म्हणजे म्हशीला शेपूट नाही, तुम्ही आपापली लावून घ्या. मी त्याला विचारलं, "बाळा, नवस फेडायचा तो कुठल्या शेवटाला धरून?" त्यानं ते वहीत टिपून घेतलं.

यांना सांगितलं तर हे म्हणाले, "अगं, ती बाई जिथं पोचायची तिथं साठ-सत्तर वर्षांपूर्वी पोचली. तू आज काय नारळ फोडतेस?" पण महाराजांना आजचं नि तेव्हाचं वेगळं आहे का? देवळातल्या गुरुजींनाही विचारलं. ते म्हणाले, नवस बोलला की बोलला, काम झालं का तेवढं सांगा, आणि नाव-गोत्र द्या. नाव यमू. गोत्र ठाऊक नाही, आपलंच दिलं. पण काम झालं का, याला माझ्यापाशी उत्तर नाही. झालं असेल आणि फेडला नाही तर महाराजांचं देणं राहतं. झालंच नसेल तर नारळ बांधायचे कशासाठी, आणि तेही साठ रुपयाला एक असताना? शेवटात मला काडीचाही रस नाही, प्रश्न नवसाचा आहे. त्यापायी स्वस्थ बसवत नाही. गॅलरीत जाते, परत येते. हे म्हणतात, सतरंजी झटकून ये, बरं वाटेल.

घरच्या सगळ्यांना यथायोग्य सांग.

तुझी,
यशोदा

ता.क. : बरणी धुऊन ठेवली आहे. रिकामी पाठवत नाही, आवळे स्वस्त झाले की भरून पाठवीन.

ता.क. दुसरा : तुमच्या लग्नाआधी भाऊजी जत्रेतल्या तंबू टॉकीजवर दारवान होते, तेव्हा तू कनातीखालून शिरून एकेक सिनेमा चार-चारदा पाहिलास हे मला माहीत आहे. (आईला मी तेव्हाही सांगितलं नाही.) हा तू पाहिलाच असशील. नावाड्यानं वल्हं ठेवलं ते कशाला? यमू पोचली का? लेकराचा ताप उतरला का? फोनवर सांगू नकोस. तुझा फोन मोठ्यानं बोलतो आणि इकडे हे कान देऊन असतात.

ता.क. तिसरा : पाकीट चिकटवायचं राहिलं म्हणून लिहिते. दुपारी धीर धरवला नाही. बाजारात जाऊन अकरा नारळ आणले, नगावर दोन रुपये कमी करून घेतले, आणि तोरण बांधून आले. महाराजांना आता मागे फिरता येणार नाही. तेव्हा तुला खरं काय आठवतं ते तुझ्यापाशीच ठेव. एका कार्डावर नुसतं "पोचली" एवढंच लिही, आणि ते उलट टपाली पाठव.