लेखकाचं घर दाखवण्याची सहल

ती. कलावतीआत्या,

दिपेशचा डोंबिवलीहून कंबर वाकते तेवढं वाकून नमस्कार. तुझी पाठ कशी आहे? कोपरीला पाणी वेळेवर येतंय ना? (तू मोबाइल उचलत नाहीस, म्हणून हे पत्र.)

मी हिमालयात स्पितीला गेलेलो ते तुला आठवत असेल. स्वतःला शोधायला गेलेलो आणि सर्दी घेऊन आलेलो. त्यावरचं माझं पुस्तक ठाण्यातल्या एका वाचक मंडळाला इतकं आवडलं, की मंडळाच्या दर्शनाताईंनी 'लेखकाच्या घरी' अशी सहलच काढली. मिनीबसमध्ये पुढच्या सीटवर मला बसवलेलं, गळ्यात हार. आत्या, मी इतका खूश होतो, की कल्याण फाट्यापासून हात हलवत होतो.

गेटवर वॉचमनने अडवलं. दर्शनाताई म्हणाल्या, "लेखक दिपेश यांच्याकडे जायचंय." तो म्हणाला, "इधर कोई लेखक नहीं रहता." मी हारासकट पुढे झालो. तो हसून म्हणाला, "अरे, ये तो ट्यूशनवाली मॅडम के मिस्टर हैं!"

वर समृद्धी नववीच्या पोरांना भूमिती शिकवत होती. (सहल आज आहे हे तिला सांगायचं राहिलेलं.) मंडळींना माझं लिहायचं टेबल बघायचं होतं. टेबलावर पोरं बसलेली. मी कुठे लिहितो? बाल्कनीत, वॉशिंग मशीनवर. सगळ्यांनी मशीनचे फोटो काढले. एका काकांनी नमस्कारही केला, मग विचारलं, "किती किलोचं हो?" तेवढ्यात कुणीतरी समृद्धीला नातीच्या अपूर्णांकांबद्दल विचारलं, आणि अख्खी सहल तिच्याभोवती खाली बसली. निघताना दर्शनाताई भारावून म्हणाल्या, "आज खरंच खूप शिकायला मिळालं!" बॅचच्या वेळा लिहून घेतल्या होत्या त्यांनी.

खरं सांगू? मला रडू येत होतं. हार काढून बसलो तर समृद्धी शेजारी आली.

"काय रे, त्या डोंगरात सापडलास का शेवटी स्वतःला?"

"नाही. वॉचमनला सापडलो."

ती इतकी हसली, की पोरंही हसायला लागली. मग मीही. रात्री तिने माझं पुस्तक पहिल्यांदा हातात घेतलं. सतराव्या पानावर झोप लागली तिला, पण पान दुमडून ठेवलंय.

घरात सगळ्यांना नमस्कार.

तुझा,
दिपेश

ता. क. पुढची सहल 'लेखकाचं जन्मस्थान'. मी तुझा पत्ता दिलाय. माझा जन्म कल्याणच्या दवाखान्यातला, माहितीये मला. पण तिथे आता पार्किंग आहे, आणि पार्किंगमध्ये तीस माणसं हात जोडून उभी बरी दिसणार नाहीत. रविवारी सकाळी येतील. चहाचं बघ.

आणखी ता. क. पत्र रविवारनंतर पोचलं, तर घाबरू नकोस. ते आले होते ते चांगले लोक आहेत.