रविवारी तलावात उतरण्याआधीची व्यवस्था

मी, शंभू महिपती ससाणे, वय चोवीस, राहणार गाडीतळामागे, हडपसर, पुणे, शिक्षण बारावी (दुसऱ्या झटक्यात), नोकरी आयटी पार्कातल्या एका कंपनीत ऑफिस असिस्टंट, आज शुक्रवारी दुपारी कासिमचाचाच्या सायकल दुकानात बसून लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे. आई मानणार नाही, पण आहे. मला कुणी दमदाटी केलेली नाही, काही पाजलेलं नाही. चाचानं चहा पाजला, तो धरू नये.

हे लिहायचं कारण असं. परवा रविवारी मी मोठी ट्रायथलॉन करणार आहे. म्हणजे तलावात तीन किलोमीटर आठशे मीटर पोहायचं, ओल्या अंगानं सायकलवर बसून एकशे ऐंशी किलोमीटर जायचं, उतरलं की बेचाळीस पळायचं. सगळं सतरा तासांत. त्याचा फॉर्म इंग्रजीत असतो आणि लोक न वाचता सही ठोकतात. मी बहिणीला, नम्रताला, वाचायला लावला.

ती म्हणाली, "सहभागी माणूस मेला तर आयोजक जबाबदार नाहीत."

"मग कोण जबाबदार?"

"तूच. आणि तुझी डिओ मला."

तर माझ्या पश्चात माझ्या मिळकतीची वाटणी पुढीलप्रमाणे व्हावी.

कलम १. डिओ गाडी नम्रताला. तिनं मागितली म्हणून नाही, सहा महिने पहाटे उठून माझ्यासाठी बटाटे उकडले म्हणून. माझी रबरी पालही तिलाच. तिच्यावर इतक्यांदा वापरली की तिचा हक्कच बनतो.

कलम २. बँकेत जे निघेल ते आईला, म्हणजे मुक्ताई ससाणे यांना. निघेल ते बघून तिनं हसू नये. मोबाईल कुणी उघडू नये.

कलम ३. शेजारचे कचरूकाका यांनी मी अकरावीत कॉलेज बुडवतो हे वडिलांना सांगितलं होतं. त्यांच्या स्कूटरच्या सीटवरच कावळे का बसतात, हे कोडं त्यांना तीन वर्षं सुटलेलं नाही. काका, मी शेव टाकतो. आता फिट्टंफाट. उरलेलं शेवेचं पाकीट तुमचं.

कलम ४. सायकल, पंप आणि पंक्चरचं सामान कासिमचाचाला परत. तीन मोडक्या सायकलींतून त्यानंच ती जुळवली. देताना म्हणाला, "ये तेरेको लेके जाएगी. वापस लाने का तू देख."

कलम ५. पोहण्याचा चष्मा लोणी काळभोरच्या उत्तरेश्वरमामाला. त्याच्या वस्तीजवळच्या कालव्यात मी पोहायला शिकलो, तेव्हा तो काठावरून ओरडायचा, "म्हशीबी तुझ्याहून सरळ जात्यात रं! डोळं उघड!" मामा, आता तू घालून बघ. पाण्याखाली काहीच दिसत नाही.

कलम ६. हे कलम मी मेल्यावरच वाचावं.

श्रीनिवास उदगीरकर सर आमच्या कंपनीत तिसऱ्या मजल्यावर सॉफ्टवेअर तपासतात. दुसऱ्याच्या चुका काढायचा पगार. वय एक्कावन्न. घरी एकटे, डब्याला एकटे, लिफ्टमध्ये "नमस्कार"च्या पुढं शब्द नाही. गेल्या वर्षी सप्टेंबरात कंपनीनं जाहीर केलं, या स्पर्धेसाठी एका माणसाची फी आम्ही भरू. फॉर्म गोळा करायचं काम माझ्याकडं. एकही आला नाही. मग मीच एक भरला, सरांच्या नावानं. सही मी ठोकली, रक्तगट अंदाजे टाकला, आणि 'अडचणीत कुणाला कळवायचं' त्या रकान्यात माझाच नंबर, कारण दुसरा पाठ नव्हता. दोन दिवसांनी सरांचं नाव बोर्डावर लागलं. अख्खं कॅन्टीन हसलं. सगळ्यात जोरात मी.

सरांनी नोटीस वाचली. चष्मा पुसून परत वाचली. दुपारी माझ्या टेबलापाशी आले. म्हटलं, गेली नोकरी.

"शंभू, पोहायला कुठं शिकवतात?"

"सर, नाव मागं घेता येतं."

"ते विचारलं नाही."

मला वाटलं, आठवड्यात हे खूळ उतरेल. सर महापालिकेच्या तलावावर शिकाऊ बॅचला गेले. सात-सात वर्षांच्या पोरांच्या रांगेत पोटाशी फळी धरून उभे. मी मजा बघायला गेलो होतो. एक चिमुरडी त्यांना म्हणाली, "आजोबा, तोंड बंद ठेवा, पाणी जातं." सर म्हणाले, "हो ताई," आणि खरंच बंद ठेवलं. त्या दिवशी मला हसायला आलं नाही. का ते कळलं नाही.

पुढं मी रोज जायला लागलो. आधी बॅग धरायला, मग वेळ मोजायला. पॅडलला अडकणारे बूट सरांनी नवीन घेतले होते. मगरपट्ट्याच्या सिग्नलला पाय सुटेना, सायकलसकट आडवे. रिक्षावाला म्हणाला, "काका, झोपायला घर नाही का?" सर खालूनच म्हणाले, "आहे. लांब आहे." उठले, खिशातला मीठ लावलेला बटाटा खाल्ला आणि सोलापूर रोडनं यवतला जाऊन परत आले.

फेब्रुवारीत अर्ध्या अंतराची स्पर्धा झाली. सर शेवटचे. पोचले तेव्हा पोरं शेवटची कमान उतरवत होती, दोरी सरांच्या वाटेत. एक पोरगा घाईघाईनं परत बांधायला लागला, तर सर म्हणाले, "तुमचं चालू द्या, मी कडेनं जातो." कडेनं गेले, रेघेवर पाय ठेवला, घड्याळ बघितलं आणि वहीत लिहिलं. मी त्या मैदानात रडलो. हे नम्रतानं कुणाला सांगू नये.

ऑफिसात हसणारेच आता लिफ्टमध्ये थांबवून विचारतात, "सर, काल किती झालं?" चौदा महिन्यांत माझ्यापेक्षा दुप्पट वयाच्या माणसाला मी एकदाही "कंटाळा आला" म्हणताना ऐकलं नाही. जूनमध्ये म्हणाले, "उघड्या पाण्यात भीती वाटते. शेजारी कुणी असेल तर बरं." म्हणून माझा फॉर्म मी भरला. या वेळी सही खरी.

सर, तो पहिला फॉर्म तुमचं हसं करायला भरला होता. सांगायचं रोज ठरवायचो. पण सांगितलं आणि तुम्ही पोहणंच सोडलं तर? म्हणून नाही सांगितलं. माफ करा. तुम्हाला देण्यासारखं माझ्याकडं एवढं खरंच आहे.

कलम ७. साक्षीदारांबाबत. पहिली साक्षीदार चाचाची मुलगी यास्मिन, लॉ कॉलेजला आहे. चाचाही सही करणार होता, तर ती म्हणाली, "अब्बा, तुम्हाला सायकल मिळतेय, तुम्ही नको. शंभू, ज्याला काहीच मिळत नाही असा माणूस आण." असा माझ्या ओळखीत एकच. ते आत्ताच स्वतःची सायकल न्यायला आलेत, समोर उभे राहून चेन तपासतायत.

मी विचारलं, "सर, एका कागदावर सही कराल?"

"वाचून करीन."

सर वाचल्याशिवाय कशावरच सही करत नाहीत. कलम सहाचं पान फाडता येईल. यास्मिन माझ्याकडं बघतेय. सर वाचून सायकल उचलतील, घरी जातील, आणि रविवारी मी त्या पाण्यात एकटा असेन, किंवा मीही नसेन. चौदा महिने वाया, सरांचेही. पण सर जर रविवारी उतरणार असतील, तर मी कोण आहे ते माहीत असताना उतरावेत.

फाडत नाही. कागद देतोय.

वर लिहिलेलं सगळं माझ्या मर्जीनं लिहिलं, खाडाखोड माझीच आहे, त्याखाली ही माझी स्वतःची सही.

शंभू महिपती ससाणे
मुक्काम हडपसर, पुणे. १७ नोव्हेंबर २०१७

साक्षीदार १. शंभूनं माझ्यासमोर सही केली. शुद्धीत होता.
यास्मिन कासिम बागवान

साक्षीदार २. संपूर्ण वाचले. कलम सहा दोनदा वाचले. नोटीस लागली त्याच दिवशी मी तो फॉर्म मागवून तपासला होता, आणि नंबर तुझा दिसला म्हणूनच तुझ्या टेबलापाशी आलो होतो. रविवारी पहाटे साडेतीनला गाडीतळावर ये, उशीर चालणार नाही. फॉर्ममध्ये रक्तगट चुकला होता, तेवढा दुरुस्त करून घेतला. नंबर राहू दिला. त्या रकान्यात लिहायला माझ्याकडे दुसरा नव्हता.
श्रीनिवास उदगीरकर