म्हशीचं गाणं

शुक्रवार, १२ जून १९९८

गाणं कुणाचं? – इतकी वर्षं बालवाडीत पोरांकडून म्हणून घेतेय, पण हे विचारायचं कधी सुचलंच नाही!

आज पुण्याचा एक कॅसेटवाला आला. कदम नाव. बालगीतांची कॅसेट काढतायत. म्हणाला, कोल्हापुरात कुठल्याही बालवाडीत जा, पोरं 'काळे'चंच गाणं म्हणतात, आणि कुणालाही विचारा, तो शालूबाईंचं नाव सांगतो. मी उगाच पदर सारखा केला.

पोरांनी बेंबीच्या देठापासून म्हणून दाखवलं –

रुसू नको गं काळे,
पायात घालीन वाळे,
वाळं वाजतंय छनछन,
हासून दाव की गं पटकन!

त्यानं टेप बंद केला आणि विचारलं, "कवी कोण?" घरात शिकले, एवढंच सांगितलं. कवी असेल तर त्याची सही लागते म्हणे. नसेल तर 'पारंपरिक' छापायचं. थोडी मुदत मागून घेतली.

शनिवार, १३ जून

शाळा सुटल्यावर माहेरी गेले. माहेर काय, दोन गल्ल्या पलीकडं! आईला विचारलं, तर मान वर न करता म्हणाली, "आण्णांस्नी इचार की. मला काय ठावं?"

आण्णा बाहेर सुपारी कातरत बसले होते. "गाणं कुणाचं म्हंजे? म्हशीचं!" म्हणाले. मला वाटलं थट्टा करतायत. पण खरंच! पूर्वी घरच्या म्हशी दूधकट्ट्यावर नेऊन गिऱ्हाईकासमोरच धार काढायची. गिऱ्हाईक चरवी घेऊन उभं, आणि म्हैस काही पान्हा सोडेना. मग कासेला हात लावून हे गाणं म्हणायचं. दोन ओळी झाल्या की धार सुरू. "काळी लई मानी हुती. गाण्याबिगर थेंब देत नव्हती."

म्हणजे आजवर मी अख्ख्या कोल्हापूरच्या लेकरांना म्हशीचं गाणं शिकवलं! घरी येऊन कृष्णातला सांगितलं, तर नवरा हसून हसून पलंगावर आडवा.

सोमवार, १५ जून

पोरांना सांगून चूक केली. आता प्रत्येक ओळीनंतर हंबरतात.

शनिवार, २० जून

अतुलकडं गेले. धाकटा भाऊ वकील असला की फी लागत नाही, पण भाषण ऐकावं लागतं. कवी हयात असेपर्यंत हक्क त्याचा. तो गेल्यावर साठ वर्षं वारसांचा. मग सगळ्या जगाचा. कवीच ठाऊक नसेल, तर 'पारंपरिक'. "आणि ताई, म्हैस कवयित्री असंल तर तिचे वारस हुडकाय लागतील," म्हणाला. वर स्वतःच हसला.

पण गाणं आण्णांनी केलं असेल तर? सही त्यांची, नाव त्यांचं! घरी येईपर्यंत माझं ठरलं होतं. जन्म देणारी आई मी वर्षाची व्हायच्या आत गेली. चिमणाबाई – एवढं नाव माहीत. फोटोसुद्धा नाही. आक्काताई, म्हणजे आत्ताची आई, आली आणि तिनं मला सावत्र हा शब्द कधी कळू दिला नाही, ते वेगळं. पण आण्णा आता थकलेत. माझ्या माणसांपैकी एकाचं तरी नाव कुठंतरी छापलेलं राहावं, असं फार वाटतंय. हट्ट म्हणा हवं तर.

रविवार, २१ जून

आण्णांनी सपशेल नकार दिला! "माझं न्हाय त्याच्याखाली माझं नाव कशापायी?"

मग कुणाचं? – यावर स्वयंपाकघराकडं एकदा बघितलं आणि पुन्हा सुपारी. मी चिडले, बोलू नये ते बोलले. त्यांनी फक्त अडकित्ता जोरात वाजवला. चहा न घेताच निघाले. आई दारापर्यंत आली.

मंगळवार, ३० जून

कदमांचा फोन. आठवड्याभरात नाव कळवा, नाहीतर 'पारंपरिक'. बरं, म्हटलं. नाहीतरी पोरं म्हणतात ते त्यांचंच होतं. – छे! हे मनाचं समाधान झालं. मला नाव हवंच आहे.

शुक्रवार, ३ जुलै

आज आई बालवाडीत आली. पहिल्यांदाच! सतरंजीवर पोरांत मांडी घालून बसली. संयोगिता नावाची चिमुरडी सरळ तिच्या मांडीवर चढली. पोरं गेल्यावर मला म्हणाली, "बस हितं. सांगायचं हाय."

"गाणं चिमणाक्काचं हाय. तुझ्या आईचं."

आई सांगत गेली. "मी नांदाय आलो तवा काळी मला जवळ यिऊ द्यायची न्हाय. चिमणाक्काच्या हाताची सवय. आन् तू? तू तर वाटीला तोंड लावायची न्हाईस. दोघीबी माझ्यावर रुसल्याला! मग ह्यांनी तिचं गाणं मला शिकीवलं. तिचं लुगडं नेसून, तिचं गाणं म्हणत धार काढली. तेच म्हणत तुला पाजलं. मग गप पिलीस."

आण्णा का नाही बोलले मग? "त्यास्नी वाटतंय मला वाईट वाटंल. मला कशाचं वाईट? तिच्या गाण्यावर तर माझा संसार लागला. तू नाव तिचंच घाल."

मला रडू आवरेना. कुणी गेलं म्हणून नाही, कुणीतरी आलं म्हणून. आवाज आठवत नाही, तोंडवळा आठवत नाही, आणि आईचं गाणं मात्र मी रोज म्हणत होते! आईनं पदरानं माझं तोंड पुसलं, पोरांचं पुसतात तसं खसाखसा.

शनिवार, ४ जुलै

कदमांना फोन केला. कवयित्री – चिमणाबाई. हक्क अजून आण्णांचा आणि माझा, असं अतुल म्हणतो. मी म्हटलं, कॅसेटपुरती परवानगी दे लिहून. बाकी गाणं कुणालाही म्हणू दे, म्हशींनासुद्धा. आण्णांनी सही केली, पण किती कुरकुर! आई शेजारी उभी राहिली तेव्हा कुठं पेन हातात धरलं.

शनिवार, २४ ऑक्टोबर

कॅसेट आली! आईच्या घरी सगळे जमलो. पुण्याची कुणी मुलगी गायलीय, गोड आहे, जरा जास्तच गोड. पण आत बारीक अक्षरांत – चिमणाबाई. बोट फिरवून फिरवून पाहिलं. आईनं सगळ्यांना शिरा केला. इतकी तृप्त मी कधी झाले होते, आठवत नाही.

रविवार, २५ ऑक्टोबर

आज आई देवळात गेलेली असताना आण्णा एकदम म्हणाले, "खोटं छापलंय." मला कळेना.

"चिमणा म्हशीला भ्यायची. गोठ्यात कधी पाय ठेवला न्हाय तिनं, आन् गाणं कुठलं? समदं आक्काताईचं हाय. तुझ्यासाठीच केल्यालं. मग म्हशीलाबी म्हणाय लागली. मला आण घातलीया. पोरीकडं आईचं म्हणून कायतरी असू दे, म्हणली."

तेवढ्यात आई आली. मी नुसतं म्हटलं, कॅसेट परत लावू का?

"लाव की," म्हणाली. "तुझ्या आईचं हाय."

लावली.